सरांची 'सरी'

पटकन कळलेल्या गोष्टीचा किस्सा होत नाही. किस्से होतात ते न कळलेल्या गोष्टींचे. म्हणूनच तांबोळेसरांचा नवा अल्बम आल्यापासून आमच्या मंडळात इतके किस्से साठलेत, की चार डोकी एकत्र आली की कुणीतरी एक काढतोच आणि पानातलं जेवण थंड होतं.

श्रीधर तांबोळे हे नाव तुम्हाला कदाचित आठवणार नाही, पण त्यांच्या गाण्यांवर तुम्ही नाचला असणार. कॉलेजचं गॅदरिंग, मामाचं लग्न, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, सगळीकडे हीच गाणी असायची. शब्द सरांचे, चाल सरांची, गायचं मात्र दुसऱ्यांनी. आता सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात अख्खा अल्बम केला. नाव ठेवलं 'सरी'. आम्हाला वाटलं, चला, पुन्हा नाचायला मिळणार.

आमचं मंडळ म्हणजे बंगळूरच्या मराठी माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि महिन्यातून एकदा राजाजीनगरला प्रल्हादअण्णांच्या घरी जमणं. अण्णांचं मॅचिंगचं दुकान आहे, बटणं, अस्तर, लेस, झिपा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड कालवलेलं. फार वर्षांपूर्वी सर इथे कार्यक्रमाला आले असताना ऐन वेळी त्यांच्या कुडत्याचं बटण तुटलं, आणि अण्णांनी दुकानातून तसलंच बटण आणून जागच्या जागी लावून दिलं. मग सर अण्णांच्या घरी जेवले. अण्णांच्या बायकोने, गिरिजाअक्कांनी, आग्रहाने वाढलं. तेव्हापासून दर दिवाळीला फोन.

मंडळात नेमाने येणारे आम्ही बाकी तिघं. केदार पुण्याचा, व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये. सुजाता सांगलीकडची, बँकेत. मी नागपूरची, राहते बेळ्ळंदूरला, म्हणजे बहुतेक वेळ रस्त्यावर. गिरिजाअक्का गेल्या वर्षी गेल्या. तरी अण्णांनी एकही महिना मंडळ चुकवलं नाही. फक्त कॉफी आता ते स्वतः करतात, आणि ती पातळ होते.

*

अल्बम आला त्या सकाळी ग्रुपवर टाळ्या, फुलं, हात जोडलेले. ऐकला कुणीच नव्हता. दुपारी केदारचा मला फोन. "स्नेहल, तुझ्याकडे पहिलं गाणं वाजतंय का?"

मी म्हटलं, "अजून लावलं नाही. का रे?"

"माझ्याकडे नुसती शांतता येतेय. हेडफोन गेले वाटतं. परवाच घेतलेत."

त्याने ते हेडफोन परत पाठवले. दुसरे आले. तेही तसेच. तेही परत पाठवायला काढले, तेवढ्यात त्याच्या बायकोने कानाला लावले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अरे, कुणीतरी खोकलं."

पहिलं गाणं तसंच आहे. बराच वेळ काही नाही, मग सर खोकतात, मग गातात. केदारने ग्रुपवर लिहिलं, 'धाडसी सुरुवात.' हेडफोनचं काही लिहिलं नाही, ते मी लिहिलं.

*

त्याच आठवड्यात अण्णांनी ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. सरांचा फोन आला होता. दिवाळी नसताना आलेला हा पहिलाच फोन.

सर म्हणाले होते, "प्रल्हाद, इथे मुंबईत जो तो वा वा करतोय. माझ्या तोंडावर खरं बोलणारं कुणी उरलेलं नाही. तुम्ही लांबची माणसं, तुमचं माझ्याकडे काही काम अडलेलं नाही. नीट ऐका आणि सांगा. जमला असेल तर आणखी एक डोक्यात आहे. नसेल तर पेटीला खोळ घालतो."

पुढच्या महिन्यात आम्ही जमू त्या रविवारी सकाळी ते स्वतः फोनवर येणार होते. एका म्हाताऱ्या माणसाचं गाणं चालू राहणार की थांबणार हे आमच्यावर, आणि आमच्यातल्या एकालाही अल्बम कळलेला नाही.

*

निदान नाव तरी कळावं म्हणून आम्ही मधेच एकदा जमलो. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात हा एकच शब्द आहे. सर 'सरी' म्हणतात, गप्प बसतात, बऱ्याच वेळाने पुन्हा 'सरी' म्हणतात. मधे तंबोरा.

केदार म्हणाला, "ऑब्व्हियस आहे. पावसाच्या सरी. प्रत्येक सरीनंतरची उघडीप म्हणजे ती शांतता."

सुजाता म्हणाली, "पाऊस कुठला? सरी-वरंबा. उसाची लावण करतात ती सरी. माणूस एक सरी संपवतो, वळतो, दुसरी धरतो. आयुष्य आहे ते."

मी आईला फोन लावला, ती म्हणाली, "अगं, गळ्यातली सरी. तुझ्या आजीची होती, मोडून तुझ्या मावशीला पाटल्या केल्या." आणि पुढचा अर्धा तास मावशीवर गेला.

अण्णा एवढा वेळ शेव वाढत होते. म्हणाले, "सरी म्हणजे सरी की. बरं, ठीक, असं. आमच्याकडे रोजचा शब्द आहे."

केदार हसला. "अण्णा, अल्बम मराठी आहे."

"होय की," अण्णा म्हणाले आणि शेवेचा डबा घेऊन आत गेले. आम्ही पुन्हा पावसाकडे वळलो.

*

आता माझा किस्सा. हा मी सांगितला नाही तर केदार सांगतो, आणि तो तिखटमीठ लावून सांगतो.

ऑफिसातून निघाले, रिक्षात बसले. म्हटलं, शेवटचं गाणं एकदा मन लावून ऐकू. हेडफोन घरी राहिलेले, म्हणून फोनवरच मोठ्याने लावलं आणि डोळे मिटले. रिंग रोडला नेहमीसारखी गर्दी. रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, "सर्व्हिस रोडल्ली होग्ला, मेडम?" म्हणजे सर्व्हिस रोडने जाऊ का.

फोनमधून सर म्हणाले, "सरी."

तो वळला. मला वाटलं, तो आपल्या मनाने वळतोय. थोड्या वेळाने त्याने विचारलं, पुढे खोदलंय, आतल्या गल्लीतून घेऊ का. तंबोरा वाजला आणि सर म्हणाले, "सरी." पुढे त्याने विचारलं, गॅस भरून घेऊ का. सर नाही कसं म्हणतील?

डोळे उघडले तेव्हा मी गॅसच्या लायनीत होते. मी म्हटलं, कुणाला विचारून आणलं इथे? तो बिचारा गोंधळून मागे बघत म्हणाला, "मेडम, यजमानरु सरी अंदरु." म्हणजे तुमचे मिस्टरच बरं म्हणाले की.

मी अविवाहित आहे. हे त्याला कन्नडमध्ये सांगता आलं नाही, म्हणून आम्ही दोघं गप्प बसलो आणि सर अधूनमधून संमती देत राहिले.

*

मराठी मंडळींच्या एका संमेलनात केदारने हट्टाने अल्बममधलं एक गाणं लावायला दिलं. या गाण्यात सर एक ओळ म्हणतात, चुकतात, "हं, परत" म्हणतात आणि पुन्हा तीच ओळ म्हणतात. हे सगळं तसंच ठेवलंय.

साउंडवाल्याने पहिल्या "हं, परत"ला गाणं थांबवलं आणि सुरुवातीपासून लावलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो माइकवरून केदारला म्हणाला, "सर, आप पहले प्रॅक्टिस कर लीजिए, तब तक बच्चों का डान्स ले लेते हैं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केदार अजून म्हणतो की त्या गाण्याला होत्या.

*

आणखी एक आहे, छोटासा. केदार एकदा कामासाठी राजाजीनगरला गेला होता, म्हणून अण्णांकडे डोकावला. दाराला कुलूप, आणि आत अल्बम चालू. शेवटचं गाणं. संपलं की पुन्हा तेच.

तो दुकानात गेला. म्हणाला, "अण्णा, स्पीकर बंद करायला विसरलात."

अण्णा लेस मोजत होते. म्हणाले, "विसरलो नाही, असू दे की. दुपारी जेवायला जातो, तेव्हा घर स्वल्प बोलतं असलेलं बरं वाटतं."

केदारने हे आम्हाला 'अण्णांचं आता वय झालं' या सदरात सांगितलं. आम्ही हसलो. मला नंतर त्या हसण्याचं वाईट वाटलं, पण का वाटलं ते तेव्हा कळलं नाही.

*

सरांचा फोन यायचा त्या रविवारी आम्ही तासभर आधी जमलो. काय सांगायचं ते ठरवायला.

केदारने शब्द तयार ठेवला होता. "वेगळा. आपण म्हणायचं, वेगळा आहे."

हा शब्द किती उपयोगी आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. भाजी बिघडली, चव वेगळी. मुलगी पसंत नाही, घर वेगळं आहे हो त्यांचं. नाटक पडलं, विषय वेगळा होता. खोटं बोलल्याचं पाप लागत नाही आणि खरं बोलल्याचं भांडणही होत नाही. सुजाताने त्याला 'प्रयोग' जोडला. मी 'पुन्हापुन्हा ऐकायला हवा' दिलं. रिक्षात मी ऐकला होता, तेव्हा एवढा हक्क मला होता.

"अण्णा, तुम्ही काय म्हणणार?"

अण्णा गॅसपाशी उभे होते. म्हणाले, "खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं काय ते कळलं नाही. काय म्हणू?"

"वेगळा म्हणा."

"बघू की."

फोन आला. अण्णांनी तो स्पीकरवर टाकून चकलीच्या डब्याला टेकवून ठेवला. सरांचा आवाज अल्बममध्ये आहे तसाच, थकलेला आणि कोरडा. "हं, बोला. कसा झालाय?"

केदार म्हणाला, "सर, वेगळा आहे."

मग सर म्हणाले, "बाळ, जन्मभर ज्यांची गाणी पडली, त्यांना मी असंच सांगत आलोय."

सुजाताने 'प्रयोग' तोंडातल्या तोंडात गिळला. मी चकलीकडे बघत राहिले. आता हा माणूस पेटीला खोळ घालणार आणि ती आम्ही शिवून दिली, एवढंच डोक्यात येत होतं.

"प्रल्हाद?" सर म्हणाले.

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. "सर, मला कळला नाही."

"बरं."

"पण बंद करवत नाही."

"का?"

अण्णा आमच्याकडे न बघता बोलले. "गिरिजा असताना मी कायबी सांगितलं की ती आतून सरी म्हणायची. दुकानाला जातो, सरी. आज उशीर होईल, सरी. ती गेली, पण माझं सांगायचं सुटलं नाही. सवय आहे. उत्तर तेवढं यायचं बंद झालं. तुमचं शेवटचं गाणं लावलं की येतं. कधी वेळेवर येतं, कधी फार उशिरा येतं." त्यांनी टॉवेलची घडी केली. "तिचंबी तसंच होतं."

पाऊस, ऊस आणि आजीची सरी, सगळं आठवून मला लाज वाटत होती. फोनमधून काहीच आवाज आला नाही. श्वासाचासुद्धा नाही.

केदार हळूच म्हणाला, "कट झाला वाटतं."

"रेंज गेली असेल," सुजाता म्हणाली. "यातलं त्यांनी किती ऐकलं कोण जाणे."

अण्णांनीही थोडा वेळ वाट बघितली. मग ते उठले, तोंड पुसलं, खिळ्यावरची किल्ली काढली. रविवारी ते दुकान अर्धा दिवस उघडतात. दारापाशी गेले, चपला घातल्या, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दुकान उघडून येतो."

चकलीच्या डब्याला टेकलेल्या फोनमधून आवाज आला, "सरी."