नायबत शाहाचे चार विसे

डोंगरातल्या अस्तोर खोऱ्याच्या वरच्या अंगाला नायबत शाहाइतका झपाट्याने म्हातारा झालेला माणूस दुसरा नाही. एका हिवाळ्यात तो तीन विसांचा, म्हणजे साठ वर्षांचा झाला. त्याच हिवाळ्यात चार विसांचाही झाला. शिणा बोलीत शंभरापर्यंत सगळी मोजणी विसांतच. नायबतने तिच्यात आपली एक भर घातली: सुरू झालेला वीस पुरा धरायचा.

कारण कलेजी. नसालोच्या सणाला जनावरं कापली की भाजलेली कलेजी आधी सर्वांत वडील माणसापुढे जाते, आणि तो शेगडीलगत बसतो. तिथे शुकूर दादो बसायचा.

"दादो, तुमचं किती?" नायबतने विचारलं.

"तीन विसे नि अठरा."

"माझे चार." दादो उठला. मोजणीवर वाद घालण्याइतके दात त्याला उरले नव्हते.

तीन हिवाळे नायबतने कलेजी खाल्ली. मग त्याची बायको वारली, आणि वर्ष सरताच त्याने विधवा गुलसंबरसाठी निरोप धाडला. तिचा भाऊ मुसाफिर नसालोच्या पंगतीतच उभा राहिला.

"चाचा, चार विसे नि तीन! बहीण नवऱ्याला द्यायची की मयताला?"

"अरे, तीन विसे नि तीन," नायबत हळूच म्हणाला. "ओळखपत्रावर बघ."

"मोठ्याने बोला. दादोला ऐकू येत नाही."

नायबतने ताटाकडे पाहिलं. कलेजी गरम होती. मग आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे बायका रांधत होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

"तीन विसे नि तीन!" तो ओरडला.

त्याला दाराशी, वाऱ्याच्या झोतात जागा मिळाली. पंगत पोट धरून हसत होती, आणि दादो जागेवर येऊन कलेजी चघळत होता. नायबतला त्याचं काही नव्हतं. वीस वर्षं देऊन बायको मिळत असेल तर सौदा वाईट नव्हता.

गुलसंबर हात पुसत बाहेर आली.

"मुसाफिर, मला न विचारता तू कशाला मध्ये पडलास? मी हो म्हणणार होते."

नायबत अर्धा उठला.

"म्हटलं, चार विसांचा आहे. दोन-तीन हिवाळे सांभाळीन, मग घर माझं," ती म्हणाली. "तीन विसे असतील तर राहू दे. आणखी वीस वर्षं याचं कोण रांधणार?"