शेळी तळ्यावर पोहोचण्याची शक्यता

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका प्रश्नावर चार महिने अडले होते. सुट्टीत अर्जुनी मोरगावला घरी आले, तेव्हाही वही सोबतच होती. माझ्या मोठ्या भावाचं बसस्टँडजवळ टीव्ही-कूलर दुरुस्तीचं दुकान. तिथंच स्टुलावर बसून माझी खाडाखोड चालायची.

"तू नेमकं काय करून राहिली वं?" एका सकाळी दादानं विचारलं.

संभाव्यता म्हटलं की घरच्यांना लुडोचा फासाच आठवतो. म्हणून मी वहीत एक गाव काढलं. नऊ चौक, त्यांना जोडणाऱ्या बारा गल्ल्या, एका कोपऱ्यात घर, समोरच्या कोपऱ्यात तळं.

"घरून शेळी सुटली. दर चौकात मनाला येईल त्या गल्लीत शिरते, मागंही फिरते. घरी परतण्याआधी ती तळ्यावर पोहोचेल का?"

"पोचन का?"

"तीनदा सुटली तर साधारण एकदा. तेवढं निघतं. पण घराला न लागलेली एखादी गल्ली बंद केली, तर ही शक्यता वाढू शकते का? कोणत्याही गावात? मला वाटतं, नाही. सिद्धच होत नाही."

अशा भटकंतीचं आणि विजेच्या सर्किटचं गणित एकच असतं, असं एका पुस्तकात वाचल्याचंही मी सांगितलं. वाचून मी सरळ पान उलटलं होतं.

"मग बनवून पाहू ना," दादा म्हणाला.

त्यानं गल्लीगणिक एक, असे बारा सारखे रजिस्टन्स सोल्डर केले. बॅटरीचं एक टोक घराला, दुसरं तळ्याला. मीटरवर करंटचा आकडा आला सहा. घराच्या दोन्ही गल्ल्या थेट तळ्यावर गेल्या असत्या, तर प्रत्येकीतून नऊ, असे अठरा आले असते. अठरातले सहा. तिनात एक!

मी एवढ्यानं ओरडले की मिक्सर घेऊन आलेल्या काकू दचकल्या.

"दादा, मधली एक तार काप."

आकडा उतरला. दुसरी कापली, आणखी उतरला.

"अजून काप. वाढतो का बघ."

"वाढन कायले? रस्ता बंद केला तं करंट कमीच होईन ना!"

मी वही पुढं ओढली. चार महिने मी शेळीचं एकेक पाऊल मोजत बसले होते. मोजायचा होता तो प्रवाह! दुपारपर्यंत सहा पानं भरली. घाईत अक्षर मलाच लागत नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला, तर त्या हसल्या. "हे भौतिकवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पण तू अभ्यासतेस तसल्या जाळ्यांवर कुणी लावलेलं नाही. लिही लवकर."

आधीच माहीत आहे, याचं वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र नवं दार उघडल्यासारखं झालं. त्यातूनच प्रबंधाचं तिसरं प्रकरण उभं राहिलं.

फोन ठेवला तेव्हा दादा कापलेल्या तारा पुन्हा जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "अन् गावाले शेवटच नसला तं? शेळी घरी येईन का नाही?"

मी वहीचं कोरं पान उघडलं. त्या प्रश्नाच्या नव्या नव्या रूपांवर मी आजही काम करते आहे.