संघ खाली जावा म्हणून

आमच्या घरात जपानच्या दुसऱ्या श्रेणीतल्या फुटबॉलचा एक अख्खा मोसम पाहिला गेला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ मी आमच्याच संघाच्या वाईटावर होतो. सांगायला लाज वाटते, पण आता सगळ्यांना कळून चुकलंच आहे, तर नीट सांगून टाकतो.

आमचा संघ म्हणजे माझ्या मुलीचा संघ. ती इथल्याच, काशीच्या विद्यापीठात जपानी शिकली. घाटावर जपानी प्रवासी येतात, त्यांना वाट दाखवण्यापुरती भाषा येईल, एवढीच माझी समजूत होती. पण ती शिष्यवृत्तीवर तिकडे गेली आणि समुद्राकाठच्या एका लहान शहरातल्या फुटबॉल क्लबात दुभाषी म्हणून लागली. क्लबात दोन परदेशी खेळाडू होते. एक आफ्रिकेतला उंचापुरा फॉरवर्ड, एक युरोपातला बचावपटू. दोघांनाही जपानी येत नव्हतं. प्रशिक्षक बोलले की ही इंग्रजीत सांगणार, खेळाडू बोलले की जपानीत. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या काशीत यजमानांना संकल्प सांगितले, आणि आमची पोरगी तिकडे ऑफसाइड सांगत होती.

मी स्वतः पौरोहित्य केलं नाही. रेल्वेत कंट्रोलर होतो. कोणती गाडी पुढे सोडायची आणि कोणती लूपलाइनला उभी करायची, हे ठरवण्यात छत्तीस वर्षं गेली. त्यामुळे दुसऱ्यांच्या गाड्या थांबवायची सवय अंगात भिनलेली आहे, असं बायको म्हणते. ते खोटं नाही.

फेब्रुवारीत मोसम सुरू व्हायच्या आधी मुलीने फोनवर नियम समजावले. ‘‘बाबा, वीस टीम आहेत. वरच्या दोन सीधे पहिल्या डिव्हिजनला जातात, त्यांच्या खालच्या चार जणींचा वेगळा मुकाबला होतो. आणि एकदम शेवटच्या तीन तिसऱ्या डिव्हिजनला.’’

‘‘आणि तुमची?’’

‘‘आमची गेल्या साली वाचली. बस, वाचली.’’

‘‘या साली नाही वाचली तर?’’

‘‘तर परदेशी खेळाडू सोडून जातील. ते गेले तर दुभाष्याचं काय काम? माझा करार जानेवारीपर्यंतच आहे. नोकरी नाही तर व्हिसा नाही. बोरिया-बिस्तर बांधून घरी, और क्या.’’

ती हसली. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात ते ‘घरी’ अडकून बसलं. तीन वर्षं झाली होती तिला जाऊन. मधे एकदाच आली, तीही एका आठवड्यासाठी, आणि त्यातले दोन दिवस सर्दीत गेले. जाताना मी तिला अडवलं नव्हतं. ‘‘तुझं तू बघ,’’ एवढंच म्हटलं होतं, आणि तेही अशा सुरात की ती रिक्षात बसेपर्यंत माझ्याकडे बघेना.

पुढच्या मंगळवारी मी मंगला गौरीला गेलो. आमच्या घरापासून देऊळ चार वळणांवर. बायका जातात तिथे, सौभाग्य मागायला, मुलींची लग्नं जमावीत म्हणून. माझ्यासारखा सत्तरीला टेकलेला माणूस नारळ घेऊन रांगेत उभा राहिला तेव्हा दोघीतिघींनी वळून पाहिलं. मी हात जोडले आणि मनात म्हणालो, आई, संघ खाली जाऊ दे. शेवटच्या तिघांत येऊ दे. पोरगी घरी आली की अकरा सवाष्णी जेवू घालीन, पुरणपोळीचं जेवण. अकरा का, तर फुटबॉलमध्ये अकरा असतात, एवढं ज्ञान तोवर झालं होतं. पुरण घालणार बायको, हे अर्थातच गृहीत. आमच्याकडे नवस पुरुष बोलतात आणि पाट्यावर वाटणं बायकांच्या वाट्याला येतं.

मुलीने तिच्या खात्यावरून माझ्या मोबाइलवर मॅच दिसायची सोय करून दिली. त्यांच्या दुपारी दोनला सुरू झालेली मॅच आमच्याकडे सकाळी साडेदहाला. पूजा, नाश्ता आटोपून मी खिडकीपाशी मोबाइल टेकवून बसायचो. पहिल्या महिन्यात मी खेळ असा पाहिलाच नाही. फक्त मुलगी शोधायचो. कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकावरून फिरायचा तेव्हा शेवटच्या टोकाला, क्लबचं निळं जाकीट घातलेली, ती दोन सेकंद दिसायची. तेवढ्यासाठी दीड-दोन तास बसायचं. कधी प्रशिक्षक उठून ओरडायचे आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन त्या फॉरवर्डला काहीतरी ओरडून सांगायची. घरात जिने कधी आवाज चढवला नाही ती पोरगी.

संघ हरत होता. मी मनातून खूश होतो. मार्चअखेर तो तळाशी होता आणि मी एका मंगळवारी देवीला आणखी एक नारळ वाढवून आलो, आगाऊ.

पण माणूस रोज एकाच खिडकीत बसला की समोरच्या गल्लीतली माणसं त्याच्या ओळखीची होतातच. तसंच झालं. गोलरक्षक चेंडू हातात आला की दोनदा जमिनीवर आपटतो. डावीकडचा बुटका पोरगा पडला की रेफरीकडे न बघता स्वतःच्या बुटाकडे बघतो. आणि तो उंच फॉरवर्ड. एवढा सोपा गोल चुकवणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी त्याच्यावर चिडायचो. कंट्रोलमध्ये नवीन आलेल्या पोरांवर चिडायचो तसा. फोनवर मुलीला म्हणालो, ‘‘तुझा तो लंबू गोलाच्या पुढ्यात जाऊन झोपतो काय?’’

‘‘बाबा, त्याला काही बोलू नका. त्याची बायको गावी आहे, मुलगी झाली तेव्हा तो इथे होता. फोटोतच बघतो. मी त्याला वरण-भात करायला शिकवलंय, रोज तेच खातो. मैच हरली की सगळ्यांत आधी तोच रडतो.’’

त्यानंतर मला त्याच्यावर नीट चिडता येईना.

आमच्या आधी इथल्या लोकांचा श्रावण लागतो, पंधरा दिवस आधी, आमचा मागून. त्या साली आमच्या श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी बायको देवळातून परत आली आणि चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘अहो, मी देवीला बोलून आलेय. पोरीची टीम वाचली तर अकरा सवाष्णी घालीन.’’

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

‘‘असे काय बघता? तिचं मन लागलंय तिथे. घरी येऊन काय करेल? कुठल्या तरी कोचिंगमध्ये पोरांना शिकवेल आणि संध्याकाळी छतावर जाऊन उभी राहील.’’

एकाच घरातून, एकाच देवीकडे, दोन उलटे नवस, आणि जेवणाऱ्या सवाष्णी सारख्याच अकरा. देवीने कोणाचं ऐकावं? मला हसू आलं. माझं मी बोललो नाही. चहा प्यायलो आणि बाहेर पडलो.

आपल्या श्रावणात तिकडे उन्हाळा, तेव्हा त्यांच्या मॅचेस संध्याकाळी असतात, आमच्याकडे दुपारी साडेतीनला. आता बायकोही शेजारी बसायची, शेंगा सोलत. ऑगस्टनंतर संघ जरा सावरला. एकदा लंबूने डोक्याने गोल केला आणि मी खुर्चीतून उठून असा ओरडलो की खालच्या मजल्यावरून हाक आली, ‘‘का हुआ बाबूजी, सब ठीक?’’ मी ‘‘ठीक, ठीक’’ म्हणत खाली बसलो. मग आठवलं, की हा गोल माझ्या विरुद्ध झालाय. पण आनंद झाला होता, तो काही परत घेता येईना.

त्या आठवड्यात मी अमृतराव घाटावर आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या वैदिकांना गाठलं. त्यांना फुटबॉल सांगितला नाही. एवढंच विचारलं, ‘‘काका, बोललेला नवस मागे घेता येतो का?’’

त्यांनी ओलं धोतर पिळता पिळता विचारलं, ‘‘फेडायचा कंटाळा आलाय की मागणं चुकलंय?’’

‘‘मागणं चुकलंय.’’

‘‘त्याला विधी नाही. मिळालं तर भोगायचं.’’

मी तरीही देवीपुढे जाऊन उभा राहिलो. पण मागितलेलं नको म्हणताना तोंडात शब्द येईनात. खरं म्हणजे मन अजून दोन्हीकडे होतं. संघ वाचावा असं वाटत होतं आणि पोरगी घरी यावी असंही वाटत होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र होणार नव्हत्या. लूपलाइनचा खेळ मी आयुष्यभर खेळलो, पण तिथे दोन्ही गाड्या शेवटी पुढे जायच्याच.

शेवटची मॅच डिसेंबरच्या सुरुवातीला होती, त्यांच्याच मैदानावर. जिंकले तर वाचणार होते. मी सकाळपासून काही खाल्लं नाही. बायकोने देवापुढे निरांजन लावलं आणि मोबाइल उशीला टेकवला.

पहिल्या अर्ध्या तासातच लंबूने गोल केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने माझ्या पाठीवर थाप मारली, लग्नाला चाळीस वर्षं झाली पण अशी थाप तिने कधी मारली नव्हती. मग शेवटची आठ मिनिटं राहिली असताना समोरच्यांना कॉर्नर मिळाला, आमचे चार जण एकाच माणसाला अडवायला धावले आणि चेंडू मोकळ्या राहिलेल्याच्या पायाशी पडला. बरोबरी. ती आठ मिनिटं आणि वरची चार मी उभ्याने पाहिली. ‘‘मार, मार रे, मार!’’ लंबूचा शेवटचा फटका खांबाला लागून बाहेर गेला.

संघ खाली गेला. माझा नवस देवीने ऐकला होता.

मी फोन बंद करणार होतो, बायकोने हात धरला. वर्षाच्या शेवटच्या मॅचनंतर तिथे खेळाडू मैदानात रांगेने उभे राहतात आणि लोकांना वाकून नमस्कार करतात, हरले तरीही. सगळे वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग माइक फिरला. अध्यक्ष बोलले, प्रशिक्षक बोलले. शेवटी लंबू पुढे आला आणि त्याच्याबरोबर आमची मुलगी. तो इंग्रजीत एक वाक्य बोलायचा, ती जपानीत सांगायची. तिचा जपानीतला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. खालच्या पट्टीतला, ठाम, अजिबात न घाबरलेला. मला तो ओळखू येईना. ही बाई कोण, असं क्षणभर वाटलं. मग लंबू काहीतरी म्हणाला, ती सांगायला लागली आणि मधेच थांबली. तिला पुढे बोलवेना. तेवढ्या मोठ्या मैदानात कोणी हूं की चूं केलं नाही. मग लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि ती डोळे पुसून वाक्य पुरं करेपर्यंत वाजवतच राहिले.

जिचं एवढ्या लोकांनी थांबून ऐकलं, तिला मी खाली ओढत होतो. तिथेच जमिनीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. बायकोने स्पीकरवर ठेवला. ‘‘बाबा, झालं. क्लबने सांगितलं, परदेशी दोघंही चाललेत. माझंही जानेवारीत संपेल. मी येते घरी.’’

दहा महिने मी याच वाक्याची वाट पाहिली होती. आणि तोंडून निघालं, ‘‘येऊ नकोस.’’

‘‘काय?’’

‘‘दुसरा क्लब बघ. वरचा, खालचा, कुठलाही. तू तिथे चांगली दिसतेस.’’ आणि मग राहवेना म्हणून सगळं सांगून टाकलं. फेब्रुवारीतला मंगळवार, नारळ, अकरा सवाष्णी, आगाऊ वाढवलेला नारळसुद्धा.

बायको माझ्याकडे बघत होती. ‘‘आणि पुरण कोण घालणार होतं?’’ ती हळूच म्हणाली.

मग फोनमधून हसू ऐकू आलं. ‘‘बाबा, आमचा डिफेन्स बघितला ना सालभर? देवीला काही करायची गरजच नव्हती.’’ ती बराच वेळ हसली. हसता हसता आवाज बदलला. ‘‘पण देवीला जाऊन सांगितलंत. मला? मला इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालात, की ये म्हणून? मला वाटायचं, तुम्ही अजून रागावलेलेच आहात. सुट्टी असायची बाबा. दर डिसेंबरला असायची.’’

मी आठवून पाहिलं. जेवलीस का, थंडी फार आहे का, तुझा लंबू झोपतो काय. याच्यापलीकडे मी काही बोललो नव्हतो. शंभर वेळा फोन केला असेल, पण हे नाही.

‘‘बोला ना आता,’’ बायको म्हणाली आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी फोन हातात घेतला. तिला म्हणालो, काम शोध, ते सोडू नकोस, पण मधे ये. तुझ्याशिवाय मला करमत नाही.