आजोबांच्या बुटांचा व्हिडिओ

बाळांनो, आजोबांच्या चालण्याचा व्हिडिओ पाहून तुम्ही दोघांनी विचारलंत, आता ते तुमच्याकडे कधी येणार. मी, तुमची आजी, आजच लिहायला बसले, कारण चूक माझी आहे आणि तुम्ही तिकिटांचं बोलू लागला आहात.

दीड वर्षापूर्वी गच्चीवरची टाकी साफ करताना आजोबा शिडीवरून पडले आणि पाठीच्या कण्याला मार बसला, हे तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून तीन दिवस मी त्यांना तळेगावहून पुण्याला नेते. तिथे त्यांना पट्ट्यांनी वर टांगतात, मांड्यांना नि पोटऱ्यांना यंत्राचे पाय बांधतात. पायाखालचा ट्रेडमिलचा पट्टा सरकू लागला की यंत्र त्यांचे पाय उचलून पुढे टाकतं. अर्धा तास. मग पुन्हा व्हीलचेअर. घरी आल्यावर मला चहा टाकायचंही जिवावर येतं.

त्यांचं ते टांगलेलं रूप तुम्हाला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी फक्त बूट टिपले आणि खाली लिहिलं, ‘आजोबांची पावलं’. तुम्हाला पाठवलं, आणि घरच्या ग्रुपवरही.

गावाकडे, टाकव्याला, आजोबांच्या धाकट्या बहिणीने ते पाहिलं. भाऊ चालू लागला की त्याच्याच पायांनी त्याला देवीच्या पायऱ्या चढवीन, असा नवस ती बोलली होती. रविवारी सकाळी नारळ, खण आणि भाड्याची जीप घेऊन ती दारात हजर.

“चला भाऊ, उठा. फोनमदी तर लय झपाझप चालत व्हता.”

“ते मशीन चालत व्हतं,” आजोबा म्हणाले. बहिणीशी ते अजून गावचंच बोलतात. “मी नुसता टांगलेला. नवस फेडायचा तर मशीनलाच ने जीपमदी.”

ती हसली नाही. माझ्याकडे वळली. “वैनी, तुमी एवढ्या शिकलेल्या. आसं का धाडलं?”

जीप परत पाठवून ती दुपारपर्यंत त्यांचे तळवे चोळत बसली, आणि जाताना नारळ देव्हाऱ्यात ठेवून म्हणाली, “फोडू नगा.”

तर आजोबा चालत नाहीत. चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत, चालणार नाहीत असंही म्हणत नाहीत. उद्या पुन्हा पुण्याला जायचं आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याला हात लावलेला त्यांना अजून कळतो.