बीरगावच्या बसचा अहवाल

रायपूरच्या एका खाजगी कॉलेजात मी बीबीएच्या मुलांना वित्त व्यवस्थापन शिकवते. कंपनीने पैसा कुठे घालावा, कुठून काढून घ्यावा, हे समजावण्यात माझी वीस वर्षं गेली. पण माझ्याच कॉलेजने एक निर्णय कसा घेतला ते आठवलं, की अजूनही माझं डोकं फिरतं.

कॉलेजची एक बस बीरगावला जायची. तिकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या पंचवीसेक मुली तिने यायच्या. एक दिवस डायरेक्टर सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, हा रूट तोट्यात आहे. चालवायचा की बंद करायचा, तुमच्या क्लासकडूनच स्टडी करवून घ्या. पोरं प्रॅक्टिकल शिकतील." मला किती आनंद झाला! पुस्तकातल्या काल्पनिक कंपन्यांचे प्रश्न सोडवून पोरंही कंटाळली होती, मीही.

ऑफिसने खर्चाचा कागद दिला. मी तो फळ्यावर उतरवला. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, दुरुस्ती, बसची खरेदी किंमत, आणि शेवटी 'प्रशासकीय खर्चाचा वाटा'. खाली भलामोठा तोटा.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती त्याच बसने यायची. तिचे वडील एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर होते. "मॅडम, बस तर कधीचीच घेऊन झाली ना? मग तिची किंमत यात काहून धरली?"

"का धरू नये?" मी मुद्दाम विचारलं.

"तुम्हीच तर शिकवलं. जो पैसा गेला तो गेला. बस ठेवली तरी वापस येत नाही, बंद केली तरी येत नाही. आज विकली तर जे भेटेल, तेवढंच धरायचं."

मग तो 'वाटा' कसला, ते शोधायला दोन मुलं ऑफिसात गेली. त्यात गेस्टरूमच्या एसीचं बिल होतं आणि सरांच्या गाडीच्या ड्रायव्हरचा पगारही होता. बस बंद झाल्याने यातला एक रुपयाही वाचणार नव्हता. बीरगावच्या मुलींच्या डोक्यावर गेस्टरूमचा एसी! वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

रविवारी पोरं बीरगावला घरोघर गेली, मीही गेले. बस नसली तर मुलीला पाठवाल का, एवढंच विचारायचं होतं. त्या मुलीच्या वडिलांनी चहा पाजला आणि म्हणाले, "दोन ऑटो बदलून पोट्टीले रोज नाही पाठवत, मॅडम. येताना अंधार होते." बहुतेक घरांतून असंच काहीसं ऐकू आलं.

पोरांनी मग नीट मांडलं. बस बंद केली तर खर्च किती वाचेल, बस विकून किती येईल, आणि मुलींनी कॉलेज सोडलं तर फी किती बुडेल. बस चालवणंच कॉलेजच्या फायद्याचं निघालं. दयामाया बाजूला ठेवून, निव्वळ हिशेबाने. इतका स्वच्छ अहवाल माझ्या वर्गाने आधी कधी लिहिला नव्हता.

मी तो घेऊन सरांकडे गेले. त्यांनी दोन पानं उलटली. "बहुत अच्छा किया बच्चों ने. लेकिन मॅडम, बसचा सौदा तर मागच्या महिन्यातच झाला. ॲडव्हान्सही घेतला."

"मग अहवाल कशाला मागवला, सर?"

"फाइलला काहीतरी लागतं ना."

हेच सर दरवर्षी पहिल्या लेक्चरला येऊन मुलांना सांगतात, की निर्णय आकड्यांवर घ्या, मनाच्या लहरीवर नाही!

चार दिवसांनी नोटीस लागली. 'वित्त विभागाच्या अभ्यासानुसार बीरगाव मार्ग बंद करण्यात येत आहे.' खाली अभ्यासप्रमुख म्हणून माझं नाव. मी नोटिशीसमोर उभी होते आणि बसच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेला नजर देता येईना. तिथूनच सरळ ऑफिसात गेले. लेखी तक्रार दिली, अहवालाची प्रत जोडली, माझं नाव काढा म्हणून बजावलं. नाव निघालं. नोटीस तशीच राहिली. पुढच्या सत्रात माझा विषय दुसऱ्याला गेला आणि मला 'व्यावसायिक पत्रलेखन' मिळालं.

काही मुली ऑटोने येत राहिल्या. नऊ जणींनी कॉलेज सोडलं. प्रश्न विचारणारी मुलगी त्यांत होती. ती आता कॉलेजात न येता बाहेरून परीक्षा देते आणि घरी लहान मुलांच्या ट्यूशन घेते.

मध्ये एका दुपारी ती बुढापारा भागातल्या माझ्या घरी पुस्तकं न्यायला आली. मी तिची माफी मागितली. ती गोंधळून म्हणाली, "तुम्ही काहून माफी मागून राहिल्या? आमच्या घरी पण असंच होते. पहिले ठरवतात, मग विचारतात."

इतक्या सहज म्हणाली, की मला सहन होईना. "अगं, राग नाही का येत तुला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"येते ना, मॅडम. लय येते." तिने पुस्तकं पिशवीत भरली, घड्याळ पाहिलं. "आता निघते. मग बीरगावचा ऑटो नाही भेटत."