सगळी वीज माशांना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. आमचे हे तर मी तोंड उघडायच्या आधीच पेपरमागे तोंड लपवतात. लपवू देत. माती मी खाल्ली, तर सांगायचा मानही माझाच!

गेल्या वर्षी आम्ही गच्चीवर सोलार बसवलं. पनवेलमधल्या आमच्या गल्लीतलं पहिलं! बसवायला आलेले साहेब जाताना म्हणाले, "काकू, आता तुम्ही नुसत्या वीज वापरणाऱ्या नाही, वीज देणाऱ्या झालात. तुमची उरलेली वीज तारेतून बाहेर जाणार."

झालं! त्या दिवसापासून मी गल्लीतून अशी चालायला लागले, जणू समोरच्या देशमुखांच्या देवघरातला दिवा माझ्याच कृपेने लागतोय. त्या साहेबांनी आणखीही बरंच काही समजावलं होतं म्हणे. पण मी तेव्हा त्यांच्यासाठी आत कोकम सरबत करत होते. आता पाहुण्याला कोरडं कसं पाठवणार, तुम्हीच सांगा?

तर यंदा वीज कंपनीची नोटीस आली. शुक्रवारी सकाळी नऊ ते पाच वीज बंद. जुन्या लोंबत्या तारा काढून जमिनीखालून जाड केबल टाकणार, नवा ट्रान्सफॉर्मर बसवणार. आता कुणाच्या गच्चीवरून वीज बाहेर येते, कुणाच्या दारात स्कूटर चार्ज होते. जुन्या तारांना ते झेपेना.

आणि नेमकी त्याच शुक्रवारी शेजारच्या भारतीताईंच्या प्रथमेशची हळद! ही आगरी मंडळी. यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. पाचशे माणसांचं जेवण एकीकडे, पण नवऱ्यामुलाच्या मामांकडच्या पंगतीसाठी खास सुरमई आणि कोलंबी पहाटे बंदरावरून येणार होती. आचारी येणार चार वाजता. तोवर ती ठेवायची कुठे?

भारतीताई कुंपणापाशी म्हणाल्या, "वैनी, आमी बर्फाला सांगून ठेवलाय. लाईट नाय तर काय करनार?"

इथे गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही!

"बर्फ कशाला? आमच्याकडे सोलार आहे ना! लाईट गेली तरी आमचा फ्रीज चालूच. आणा तुमचे मासे."

भारतीताई माझ्याकडे बघतच राहिल्या. कारण आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. "वैनी, तुमचे फ्रीजमदे? म्हावरा? खरंच चालंल?"

"शेजारधर्म आहे!" मी म्हटलं.

त्यांनी तिथल्या तिथे फोन करून बर्फ रद्द केला. "मामांचा काय सांगू तुमाला," त्या म्हणाल्या, "मागच्या लग्नात कोलंबी जराशी उतरली तर दोन वर्सं आमच्या दारात नाय आले."

शुक्रवारी सकाळी सात वाजता चार मोठे डबे माझ्या फ्रीजमध्ये शिरले. दूध, लोणी, कैरीचं पन्हं सगळं बाहेर. मी नाकाला पदर लावून दार बंद केलं आणि अभिमानाने नऊची वाट बघत बसले.

नऊ वाजले. वीज गेली. आमचीही गेली!

बाहेर ऊन असं की गच्चीवर पाय ठेवला तर फोड यावा. आणि फ्रीज थंडगार गप्प. म्हणजे थंडगार नाहीच, नुसता गप्प!

"अहो, सोलार का चालत नाही?"

"सूर्य तर ड्यूटीवर आहे," हे म्हणाले.

मला वाटलं, धूळ बसली असेल. ओलं फडकं घेऊन गच्चीवर गेले आणि सगळ्या पाट्या आरशासारख्या पुसल्या. खाली येऊन फ्रीज उघडला. दिवा नाही. पुन्हा वर. पुन्हा खाली. फ्रीज उघडून बघितल्याशिवाय कळणार कसं? आणि जितक्या वेळा उघडला, तितका आतला गारवा बाहेर आणि वास घरभर.

इतक्यात देशमुखवहिनी मिक्सरचं भांडं घेऊन दारात. "तुमच्याकडे वीज आहे ना? एवढी चटणी फिरवून द्या."

खरं सांगावं ना माणसाने? पण माझी जीभ! "अहो नाही हो, आज लोड देता येत नाही. भारतीताईंचे मासे ठेवलेत."

"मग पंखापण बंद?"

"सगळी वीज माशांना!"

पेपरमागून खोकल्यासारखा आवाज आला. वहिनी बिचाऱ्या भारावून गेल्या. "किती करता हो दुसऱ्यासाठी!"

त्या गेल्या तशी मी थेट कोपऱ्यावरच्या खांबाकडे गेले. वायरमन वर चढला होता.

"भाऊ, आमची एवढी एकच तार जोडून द्या ना. आमचं सोलार बंद पडलंय!"

"बंद पडलंय?" तो वरूनच म्हणाला. "देवाचे उपकार! काकू, ते चालू राहिलं असतं तर तुमची वीज याच तारेतून उलटी आली असती, आणि माझा इथेच कबाब झाला असता. लाईन बंद झाली की सोलार आपोआप बंद होतं. तशीच सोय असते. बॅटरी लावलीय का वेगळी?"

"नाही."

"मग पाचपर्यंत बसा पंखा हलवत."

बसते कशी? डोळ्यांसमोर ते मामा यायला लागले. मी रिक्षा केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मासळी बाजारात पाऊल टाकलं.

"बर्फ द्या. भरपूर."

कोळीणबाई मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "म्हावरा नको, नुसता बर्फ? सरबताची गाडी लावतेस काय गो बाय?"

"नाही, मासे घरी आहेत," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना.

दोन गोणी बर्फ आणला. ज्या हाताने मी देवाला गंध लावते, त्या हाताने एकेका सुरमईला बर्फात निजवलं. कोलंबीच्या मिशा बोटांना लागल्या तेव्हा मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. ती अर्धी झाली आणि मग पुढची आठवेना.

चार वाजता बर्फ उपसला आणि भारतीताई आत यायच्या आधीच डबे दारात नेऊन दिले. त्यांनी झाकण उघडून हात लावला. "बघा तरी! अगदी बर्फात ठेवल्यासारखा गार हाय!"

मी गारठलेले हात पदराखाली लपवले.

रात्री हळदीत मामांनी बोटं चाटली आणि भारतीताईंनी माईक हातात घेतला. "आज आमच्या पंगतीची इज्जत वैनींच्या सोलारने राखली!" पाच मिनिटं टाळ्या. मी हात जोडून हसत उभी. हे बाजूला कोलंबीसारखे आखडून हसत होते.

आठवड्याभरात कळलं, देशमुखांसकट गल्लीतल्या तीन घरांनी सोलार बसवायला सांगितलं. का? तर वीज गेली की फ्रीज चालावा म्हणून! मग मात्र मी चपला पायात सरकवल्या. चांगली वस्तू आहे, घ्यावीच. पण माझ्या थापेवर कुणी घेऊ नये.

मी आधी देशमुखवहिनींकडे गेले. मन घट्ट करून पहिल्यापासून सगळं सांगितलं. फ्रीज बंद होता, बर्फ आणला, माईकवर जे झालं ते सगळं खोटं. वीज गेली की हे सोलार एक दिवासुद्धा लावत नाही, वेगळी बॅटरी घ्या.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन मायेने म्हणाल्या, "कळतं हो मला. गल्लीत आमचंही सोलार आलं की तुमचा मान कमी होणार. पण म्हणून एवढं खोटं बोलायचं?"