बाईंच्या पेटीचा रस्ता

आम्ही वडशाच्या नाटक कंपनीवाल्यांनी बाईंना फसवलं. सौदा माझ्या तोंडून झाला होता, म्हणून मान माझी खाली आहे.

बाई गावात कॉम्प्युटर क्लास चालवायच्या. कुणी काही काम सांगितलं की चष्मा डोक्यावर सरकवून आधी विचारायच्या, "कोणाले पायजे? थे सांगा." मोठमोठ्या मॅनेजरांनाही त्यांनी असंच दारात उभं केलं आहे.

दिवाळीनंतर गावोगावची माणसं मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला वडशाला येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ते बुकिंग मोबाइलवरून व्हावं असं आम्हा कंपन्यांच्या मनात आलं. मी बाईंकडे गेलो. पडदे ओढण्यापासून सुरुवात करून मी स्वतःची कंपनी उभी केली. घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"फुकट करून देतो," बाई म्हणाल्या. मी सावध झालो. "पण त्याच सर्व्हरवर जुन्या नटींची पेटी राहीन. फोटो, गाणे, सारं. कायमचं. शब्द द्या भाऊ."

"पेटीपायी बुकिंग तं नाई ना अडकणार?"

"काऊन अडकन? तारीख रिकामी हाय का, हे पाहाले मॅनेजर लागते. भितीवरचा फोटो पाहाले मॅनेजर कायले पायजे?"

सर्व्हरलाही त्यांनी तसंच बजावून ठेवलं. वेबपत्त्यात 'पेटी' आलं तर पेटीच्या फोल्डरमधली फाइल सरळ उचलून द्यायची. बाकी सगळं बुकिंगच्या प्रोग्रामकडे पाठवायचं. मी सगळ्यांच्या वतीने शब्द दिला.

त्या पेटीत बाईंची आई होती. आयुष्यभर आमच्याच कंपन्यांत गायली, पण पोस्टरवर तिचं नाव कधी आलं नाही. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि बाई तिला मोबाइलवर तिचंच गाणं ऐकवायच्या.

"घरी कॅसेट हाय ना तिची?" मी एकदा विचारलं.

"थे नाई चालत. म्हणते, लोकाइले ऐकू येते थेच लाव."

ऐन हंगामात आमच्यापैकी कुणाला तरी वाटलं, म्हाताऱ्या नटी पाहून गिऱ्हाईक बिचकतं. त्याने सर्व्हरवरची पेटीच्या सूचनेची ओळ काढून टाकली आणि पासवर्ड बदलला. फाइली जागच्या जागी राहिल्या, त्यांचा रस्ता तेवढा गेला. आता पेटी मागितली तरी मागणी बुकिंगच्या प्रोग्रामकडे जायची, आणि त्याला तर एकच प्रश्न विचारता येतो.

बाई माझ्या ऑफिसात आल्या. माझ्यासमोर त्यांनी आईच्या गाण्याचा पत्ता उघडला. पडद्यावर आलं: गाव आणि तारीख निवडा.

"सांगा भाऊ, कोणत्या गावाले पाठवू इले?"

मी टेबलावर हात आपटला, आमच्या कंपन्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावून नाही नाही ते बोललो. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ओरडून काय होते? शब्द तं तुमचा होता," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

म्हातारी त्याच हंगामात गेली. बाई क्लास बंद करून बल्लारपूरला भावाकडे राहायला गेल्या. माझा फोन उचलत नाहीत.

बैठकीत विषय काढला की सगळे चहा मागवतात. "हंगाम सरू द्या," म्हणतात. हंगाम सरला, पेटी अजून बंद आहे. म्हणून इथे, चारचौघांत विचारतो: ती ओळ कोणी काढली? ज्याने काढली त्याने माझ्यासोबत बल्लारपूरला यावं आणि बाईंच्या तोंडावर सांगावं.